सायमनचं वर्ष

आमच्या मंडळीत बाबांना सगळे 'वडील' म्हणत. मंडळी म्हणजे आष्टीतली दहा-बारा ख्रिस्ती घरं, आणि वडील म्हणजे त्या घरांनी आपल्यातून निवडलेला जबाबदार माणूस. पाळकसाहेब वर्ध्याहून महिन्यातून एकदाच येत, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देत आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जात. बाकीच्या रविवारी उपासना बाबा चालवायचे. कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाचा पोरगा दारूच्या गुत्त्यावर दिसला, कोणाच्या सुनेनं मंगळवारचा उपास धरला, हे सगळं त्यांच्यापर्यंत यायचं. सायमन लहानपणी चिडून म्हणायचा, "बाबा सगळ्यांचे वडील हायेत, आपल्या वाट्याले येतच नाईत." सायमन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आज हे लिहिताना माझे केस पिकलेत, आणि तो अजून विशीतच आहे. मेलेल्या भावांचं असंच असतं, आपण पुढे जातो आणि ते मागे लहान होत राहतात.

बाबांचं भांड्यांचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीत. सकाळी जाग यायची ती स्टीलच्या गंज-पातेल्यांच्या आणि परातींच्या आवाजानं. लग्नसराईत सायमन भांड्यांवर नावं घालायचा. नावं कोरायचं मशीन हातात धरलं की एकसारखी गुणगुण चालायची, मधेच दाताला झिणझिण्या येतील असा आवाज निघायचा, आणि ताटाच्या काठावर कोणाच्या तरी मुलीचं नाव उमटायचं. त्याचं अक्षर सुरेख होतं. लोक आर्वीहून येताना भांडी तिकडून घेत आणि नावं घालायला आमच्याकडे आणत. बाबांना ते आवडायचं, पण देवादिकांची चित्रं किंवा ॐ ते काढू देत नसत. गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "अहो, तुमचा देव काय पाहून राह्यला काय?" बाबा हसत नसत. म्हणायचे, "पाहूनच राह्यला."

बाबा जन्मानं ख्रिस्ती नव्हते. तळेगावच्या एका दुकानदार घरातले ते धाकटे. तरुणपणी विषमज्वरानं अंथरुणाला खिळले तेव्हा एका मिशनच्या दवाखान्यात बरे झाले, आणि बरे होता होता त्यांचा विश्वास बसला. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांचं घर तुटलं. माझी आई मात्र आर्वीकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. तिचा धर्म अंगावरच्या जुन्या लुगड्यासारखा होता, मऊ झालेला, कुठंही न टोचणारा. शेजारच्या काकू दिवाळीचा फराळ आणायच्या, तो बाबांच्या नजरेआड स्वयंपाकघरात आम्हाला द्यायची आणि वर म्हणायची, "खा. चकलीले काय धरम असते?" बाबांसाठी तो मूर्तीपुढे ठेवलेला पदार्थ होता. त्यांनी जे मिळवलं होतं त्यासाठी सगळं सोडलं होतं, म्हणून ते सैल धरणं त्यांना जमत नसे.

त्याला आणखी एक कारण होतं. ते मला फार उशिरा कळलं. बाप्तिस्म्यानंतर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांना भर बाजारात म्हणाले होते, "तुमचं बरं हाय बुवा. ना सोवळं ना ओवळं, ना उपास ना तापास. डोक्यावर पाणी टाकलं का झालं सोरगाचं तिकीट." हे बोलणं बाबांच्या काळजात रुतून बसलं. स्वस्तात सुटलेला माणूस असं आपल्याला कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी मोशेच्या नियमशास्त्रातून आमच्या घरासाठी नियमांची एक चौकट घडवली. रविवारी चूल पेटायची नाही. शनिवारी संध्याकाळीच भाकरी थापून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, कढी करायची, ठेचा कुटायचा. रविवारी दुपारी सगळं गार खायचं. बोकडाची रक्ती घरात येत नसे. तान्ह्या पोळ्याला सगळ्या गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून ओढत न्यायची, आम्ही खिडकीतून बघायचो. आजीचं सोवळं बाबांनी तळेगावात सोडलं असं ते समजत. मला वाटतं, ते त्यांच्या पाठोपाठ आष्टीला आलं आणि त्यानं फक्त नाव बदललं.

पाळकसाहेब म्हातारे होते, बोलायला हळू. महिन्याच्या त्या रविवारी ते आमच्याकडे जेवत. गार भाकरी चावताना त्यांच्या कवळीचा आवाज व्हायचा. एकदा ते बाबांना म्हणाले, "वडील, तुम्ही लोकांवर फार ओझं टाकता. माणसाचं तारण नियम पाळून होत असतं तर प्रभूला वधस्तंभावर जायचं कारणच काय होतं? नियम आपल्याला फक्त दाखवतो की आपण आजारी आहोत. औषध म्हणजे कृपा, आणि ती फुकट आहे."

बाबा पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "औषध फुकट भेटलं, पाळकसाहेब, हे मलेबी मान्य हाय. म्हणून काय पथ्य सोडायचं?"

"पथ्यानं रोग बरा होत नाही."

"पथ्य मोडलं त औषध लागू होत नाई. हेबी खरं हाय ना?"

आई आतून म्हणाली, "जेवून घ्या आता. भाकर आधीच शिळी हाय, आणखीन किती शिळी करता?" सायमन आणि मी हसलो. बाबाही थोडे हसले. त्या दिवशी हा वाद जेवणाच्या ताटाएवढाच होता, आणि त्याची कोणाला भीती वाटावी असं काही नव्हतं.

तळेगावच्या बाजारात बाबा भांड्यांचं दुकान लावत. समोरच्याच ओळीत आमच्या आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. बाप-लेक एकमेकांशी बोलत नसत. पण सायमन सोबत असला की आजोबा गादीवरून उठून रस्ता ओलांडायचे, कागदात गुंडाळलेली गरम भजी त्याच्या हातात द्यायचे आणि बाबांकडे न बघता परत जायचे. बाबा तेव्हा उगाच एखादी परात पुसत बसायचे. ही भजी देवापुढे ठेवलेली नव्हती, म्हणून सायमननं ती खाल्ली तर चालत असे. मला आता वाटतं, बाबांनाही ती हवी होती.

आजोबा हिवाळ्यात गेले. त्यांच्या मयतीला बाबा आणि सायमन दोघंही होते. बाबा स्मशानात लांब, बाभळीखाली उभे राहिले. खांदा दिला नाही, हात जोडले नाहीत, अग्नी दिल्यावर मात्र सगळ्यांत शेवटी निघाले. घरी येऊन जेवले नाहीत. दहाव्याला या, असा मोठ्या बाबांचा निरोप आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "मले जमत नाई." त्या दिवशी सकाळी सायमन आईला म्हणाला, "आई, मी तळेगावले जाऊन येतो." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाय. लवकर येजो."

तो दुपारी परत आला तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. बाबा दुकानात होते. मी दारातच उभी होते.

"रुमाल काढ," बाबा म्हणाले.

सायमननं काढला. त्याचं डोकं गुळगुळीत केलेलं होतं, कानामागे वस्तरा लागून रक्ताची रेघ सुकली होती. एवढा उघडा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"कोणासाठी काढले केस?"

"आजोबासाठी."

"मेलेल्यासाठी?"

"आजोबासाठी, बाबा."

बाबा म्हणाले, "मेलेल्यासाठी डोकं भादरू नये, असं शास्त्रात सांगितलं हाय. मी तुले शिकवलं होतं. तुले मालूम होतं काय नाई?"

"हाव, मालूम होतं."

"मग काऊन केलं?"

सायमननं रुमाल परत बांधला आणि आत गेला. मला त्यानं नंतर परसात सांगितलं. नदीकाठी न्हावी बसला होता आणि त्याच्यापुढे मोठे बाबा एकटेच. त्यांना मुलगा नाही, तिन्ही मुलीच. त्यांच्या शेजारी एक पाट मांडून ठेवला होता, रिकामा. "तो बाबाचा पाट होता," सायमन म्हणाला. "कोणी काढूनबी नाई राह्यलं, कोणी बसूनबी नाई राह्यलं. सगळे पाहून राह्यले. मले बघवलं नाई. मी बसलो."

पुढचा रविवार पाळकसाहेबांचा होता. टिनाच्या छपराखालच्या आमच्या त्या प्रार्थनेच्या खोलीत सायमन नेहमीच्या जागी, खिडकीशी बसला. त्याच्या डोक्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. प्रभुभोजनाच्या आधी बाबा उभे राहिले. आवाज न चढवता, शुद्ध भाषेत, प्रार्थनेच्या भाषेत ते बोलले की आमच्या घरात नियम मोडला गेला आहे, जाणूनबुजून मोडला गेला आहे. दुसऱ्याच्या पोरासाठी आपण जो न्याय करतो तोच आपल्या पोरासाठी केला नाही तर आपण ढोंगी ठरू. म्हणून सायमन एक वर्ष प्रभूच्या मेजावर येणार नाही, त्याला भाकर आणि द्राक्षरस मिळणार नाही. पाळकसाहेब अर्धवट उठले. "वडील, त्यानं पश्चात्ताप केला तर आजच..." बाबा म्हणाले, "वर्षानं करू द्या." ज्यांच्या पोरांना बाबांनी कधी असंच बाजूला बसवलं होतं, ते लोक खाली बघत होते. त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते मला आजही सांगता येणार नाही. ताट फिरलं. सायमनपाशी आलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं ते त्याच्या वरून उचलून पलीकडे दिलं.

त्यानंतरचे महिने घरात फार आवाज नव्हता. सायमन कामं करायचा, नावं घालायचा, बाबांना विचारल्याशिवाय काही करत नसे. त्याचा राग दिसला असता तर बरं झालं असतं. उलट तो नियमांच्या बाबतीत बाबांपेक्षा कडक झाला. शनिवारी सूर्य मावळायच्या आत तो स्वतः चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवायचा. शेजारच्या काकूंची चकली आईनं पुढे केली तर हात मागे घ्यायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "तुले काय वाटते, या वर्षात मेलो त काय होईन?" मी म्हटलं, "मरशीन कायले? गप बस." तो म्हणाला, "मी विचारून राह्यलो." आई हे सगळं बघत होती. एका दुपारी तांदूळ निवडताना ती बाबांना म्हणाली, "पोराचं मन आत आत चाललं हाय. त्याले मोकळं करा." बाबा म्हणाले, "वर्ष होऊ दे. नाईतर लोक म्हणतीन, पोरगा होता म्हणून सोडला." पाळकसाहेबांनीही दोनदा सांगून पाहिलं. बाबांचं तेच.

पावसाळा संपताना सायमनला कावीळ झाली. आधी कोणी फार मनावर घेतलं नाही, उसाचा रस, ताक, आळणी खिचडी. मग त्याचं पोट फुगलं, बोलता बोलता तो भलतंच बोलू लागला, आणि आम्ही त्याला जीपमध्ये घालून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास, खाटांखाली नातेवाइकांच्या पिशव्या आणि डबे. आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची. डॉक्टर चांगले होते, तरुण होते. त्यांनी बाबांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं. बाबा परत आले तेव्हा भिंतीला हात लावत आले.

त्याच दुपारी ते पाळकसाहेबांना घेऊन आले. सायमनची शुद्ध त्या दिवशी स्वच्छ होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पण नजर त्याचीच. केस पूर्वीसारखे दाट वाढले होते, उशीवर घामानं चिकटले होते. पाळकसाहेबांनी पिशवीतून लहान पेला काढला, रुमालात बांधलेली भाकर सोडली. म्हणाले, "सायमन, बाळा, प्रभुभोजन घेतोस ना?"

सायमननं बाबांकडे पाहिलं. "वर्ष झालं काय, बाबा?"

"नाई झालं. पण घे तू."

"मग कसं घेऊ?"

"मी म्हणतो ना. मी सोडलं तुले."

सायमन म्हणाला, "नियम तुमचा होता काय, बाबा? तुम्ही त म्हणाले होते देवाचा हाय."

बाबा खाटेच्या कडेला बसले. मी त्यांना कधी खाटेच्या कडेला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, एक पाय जमिनीवर, एक अर्धवट वर. ते म्हणाले, "तारण नियमानं नाई होत, सायमन. कृपेनं होते. पाळकसाहेब पयलेपासून सांगून राह्यले. माझं चुकलं. काई राह्यलं नाई तुह्यावर. घे, बेटा."

"मरणाऱ्याले सगळे असंच म्हणते," सायमन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमाले आज सोडता येते, त मग तवा काऊन नाई सोडलं? तवा खरं होतं का आता खरं हाय?"

बाबांनी उत्तरासाठी पाळकसाहेबांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं शास्त्रावर बोलणारा माणूस. पाळकसाहेब हळू आवाजात काहीतरी सांगत राहिले, लेकराला घरात यायला परवानगी लागत नाही, असं काहीसं. सायमन ऐकत होता. त्यानं मान हलवली, पण ओठ मिटूनच ठेवले. बाबांनी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला तेव्हा त्यानं हळूच त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. "वर्ष व्हायचं हाय," तो म्हणाला. "झाल्यावर घेईन."

रात्री तो परत बरळू लागला आणि त्यानंतर शुद्धीवर आला नाही. दिवाळीच्या आधी गेला.

आष्टीला आमचं दफनाचं रान लहानसं आहे, तारेचं कुंपण, दोन कडुलिंब. मोठे बाबा तळेगावहून आले होते. त्यांनी खांदा दिला. पेटी खाली उतरवल्यावर सगळे मूठ मूठ माती टाकू लागले. मोठे बाबा हातात माती घेऊन अडले आणि बाबांना कानाशी विचारलं, "आमच्यात नसते हे. कोणत्या हातानं टाकू?"

बाबा म्हणाले, "कोणत्याबी हातानं टाक, दादा. काई नियम नाई."

मग ते मोठ्यानं रडले. आम्ही त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या बाबांनी माती टाकली आणि त्याच हातानं त्यांना धरून ठेवलं.

बाबांनी वडीलपण सोडलं. दुसऱ्या कोणाला निवडा म्हणाले. रविवारी घरात चूल पेटू लागली, आईच पेटवायची, ते काही बोलत नसत. मंडळीत कोणालाही त्यानंतर मेजापासून दूर बसवलं गेलं नाही. ते स्वतः मात्र दूर बसले. ताट आलं की मान खाली घालून शेजाऱ्याकडे सरकवायचे. पाळकसाहेबांनी समजावलं, ते गेल्यावर नवे पाळक आले, त्यांनी समजावलं. बाबा सगळं ऐकत. कृपा म्हणजे काय हे त्यांना आता कोणापेक्षाही नीट सांगता यायचं. आजारी माणसांकडे जाऊन ते तेच सांगायचे आणि लोकांना धीर यायचा. मला एकदा एक म्हातारी म्हणाली, तुझ्या वडिलांमुळे माझी मरणाची भीती गेली. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्याले सांगता येते." मी लग्न होऊन वर्ध्याला आले, मुलं झाली, आणि सुटीत माहेरी गेले की रविवारी तेच बघायचे, ताट येतं आहे आणि बाबा ते पुढे देत आहेत. आई शेजारी बसून आपला तुकडा घ्यायची आणि समोर बघत राहायची. मला तिचा राग यायचा, की ती काही बोलत कशी नाही. आता माझ्या संसारात इतकी वर्षं गेल्यावर वाटतं, काही गोष्टी नवऱ्याच्या तोंडून निघेपर्यंत बायकोला थांबावं लागतं.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी जाऊन राहिले. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड पण कळायचं. शेवटचे दिवस आहेत हे सगळ्यांना कळत होतं. मंडळीत नुकतेच आलेले तरुण पाळक एका सकाळी भाकर आणि पेला घेऊन आले. आईनं बाबांना उशा लावून बसतं केलं. पाळकांनी विचारलं तेव्हा बाबांनी डावा हात हलवून नको म्हटलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारण सांगितलं.

"सायमनचं वर्ष पुरं नाई झालं," ते म्हणाले. "तो बाहेर. मी कसा घेऊ?"

पाळक तरुण होते, त्यांना ही हकिकत ठाऊक नव्हती. ते माझ्याकडे बघू लागले. आई उठली. तिनं पाळकांच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतला, पदरानं बाबांच्या ओठाची लाळ पुसली.

"वर्ष, वर्ष," ती म्हणाली. "मेलेल्या पोराचं वर्ष कवाच पुरं होत नसते. देव काय तेवढ्यासाठी त्याले दारात उभा ठेवून बसला असन? देवाले माय-बाप दोन्ही व्हावं लागते. तोंड उघडा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात दूध उतू चाललं होतं, त्याचा वास येत होता, आणि आमच्यापैकी कोणी उठलं नाही.

"उघडा म्हणते ना," आई म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं.